सिस्टरच्या घरातली गरम फरशी

सिस्टर कुणालाही “कशी आहेस?” असं विचारत नसत. दार उघडलं, तुम्ही बूट काढले, की त्या सरळ खाली वाकायच्या आणि हाताची मागची बाजू तुमच्या पायाच्या बोटांना लावायच्या. “गार आहेत. आत ये, फरशीवर उभी राहा.” मग चहा, मग नाव-गाव. आता तुम्हीच सांगा, आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायाला हात लावला तर आपलं काय होतं? पहिल्यांदा गेलेला प्रत्येक जण उडी मारून मागे सरकायचा. “अहो सिस्टर, काय करताय, पाप लागेल मला!” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “पाप लागू दे. सर्दी नको लागायला.”

हीच बाई स्वतःच्या पायांना मात्र कुणाला शिवू देत नसे. दिवाळीला, संक्रांतीला आम्ही नमस्काराला वाकलो की त्या दोन्ही पाय मागे घ्यायच्या. “राहू दे, राहू दे, तिथूनच कर.” बाईंना मोठेपणा घ्यायला आवडत नाही, असं मी धरून चालले होते. बाकी कशात हा विनय कधी दिसला नाही, हा भाग वेगळा.

त्यांचं नाव काहीही असो, न्यूझीलंडच्या लोअर हट गावातल्या आम्हा मराठी मंडळींना त्या सिस्टर. मूळच्या मिरजेच्या, जन्मभर नर्स, आधी तिकडे आणि मग इथल्या हॉस्पिटलात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मीनल लग्नानंतर ऑकलंडला, अल्बनीत. निवृत्त झाल्या तरी सिस्टरचा वॉर्ड काही सुटला नव्हता, फक्त पेशंट बदलले होते. नव्याने आलेल्या नर्सेस, फार्मसीत लागलेली जोडपी, माझ्यासारखे विद्यार्थी. मी वेलिंग्टनला मास्टर्स करायला आले तेव्हा त्यांची मागची खोली भाड्याने घेतली. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ई. इलेक्ट्रिकल, फर्स्ट क्लास. हे मी कुणी न विचारता सांगते, तसं सिस्टरनाही पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तिथेच फसले. त्या दिवसापासून माझं नाव ‘इंजिनियर’ पडलं. “काय इंजिनियर, टोस्टर बघ जरा.” “इंजिनियर, त्या शेजारच्या म्हातारीचा टीव्ही बोलत नाहीये.” पॉवर सिस्टिम्समध्ये शिकलेली मुलगी मी, पण त्या घरात टोस्टरच्या वर माझी बढती कधी झाली नाही.

घर छोटं, बैठं, आणि खाली सगळा काँक्रीटचा कोबा. इथल्या जुन्या घरांतली थंडी ज्यांनी भोगलीय त्यांना सांगायला नको. काँक्रीट हिवाळाभर जमिनीतला गारठा पिऊन बसतं आणि तळपायातून वर सोडतं. सिस्टरच्या पायांची बोटं दर थंडीत सुजून लालबुंद व्हायची, खाजायची, फुटायची. शेवटी, मी यायच्या आधीच, त्यांनी फरशा बदलायच्या निमित्ताने खालून विजेची ऊब घालून घेतली. कोब्यावर आधी उष्णता खाली जाऊ नये म्हणून जाड तक्ते, त्यावर नागमोडी फिरवलेली गरम होणारी वायर, वरून सिमेंट-काँक्रीटचा जाड थर आणि मग टाइल्स. भिंतीवर छोटा थर्मोस्टॅट. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे एखाद्या ऑपरेशनसारखं वर्णन करून सांगायच्या. “अख्खी वायर एका तुकड्यात. कुठेही जोड नाही, टाका नाही.” जसं काही कोब्याचं पोट त्यांनी स्वतः शिवलं होतं.

त्या फरशीचं सुख होतं, नाही कशाला म्हणू? ट्रेनमधून उतरून पावसात भिजत यावं, मोजे काढावेत आणि त्या उबेवर नुसतं उभं राहावं. रविवारी तिथे पंगत बसायची, खाली मांडी घालून, बसायला पाट नाही, चटई नाही. बाथरूमच्या भिंतीलगतचा कोपरा सगळ्यात गरम, म्हणून तिथे अख्ख्या ओळखीतल्या लोकांची इडलीची पिठं फुगायला यायची. प्रत्येक पातेल्यावर चिकटपट्टी लावून सिस्टर नाव घालायच्या, पेशंटच्या मनगटाला घालतात तसं. सकाळी अर्धवट झोपेत बाथरूमला जाताना माझा पाय एकदा फार्मसीवाल्या वहिनींच्या पिठात गेला. सिस्टरनी आधी माझा पाय तपासला. “बघ, पीठसुद्धा कोमट आहे,” म्हणाल्या. मग ओरडल्या.

पण त्या थर्मोस्टॅटने माझं डोकं पिकवलं. काँक्रीट हा सुस्त प्राणी आहे. तापायला अर्धा दिवस घेतो, निवायलाही तेवढाच. त्याला एका आकड्यावर ठेवायचं आणि विसरून जायचं. हे मी त्यांना किती वेळा समजावलं! त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, आणि मी कॉलेजातून परत येईपर्यंत आकडा पार वर नेऊन ठेवलेला असायचा.

“सिस्टर, हे कुणी वाढवलं?”

“मी. गार होतं.”

“गार नाहीये हो. बघा, माझे पाय भाजतायत.”

“तुझी कातडी नाजूक. ऊन बघितलेलं नाही तुम्ही पोरींनी.”

मी, जी मे महिन्यात अनवाणी पाणी भरायला जात होते, माझी कातडी नाजूक! आम्ही बाकीचे त्या फरशीवर लाह्यांसारखे टणाटण उडत असायचो आणि सिस्टर मोजे घालून संथपणे फिरत असायच्या. मी आकडा खाली आणायचे, त्या वर न्यायच्या. मी थर्मोस्टॅटला कुलूप घातलं, म्हणजे बटणं लॉक केली, तर त्यांनी माहितीपुस्तिका काढून ते उघडलं. शिकलेल्या बाईशी भांडण्यात हाच त्रास असतो.

दुसरं भांडण गोधडीचं. संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या की त्या पायाखाली काही नाही, पण पायांवरून मात्र चौघडी गोधडी घ्यायच्या आणि तिच्या कडा फरशीवर नीट दाबून टाकायच्या. अशी की आतली ऊब बाहेर जायला फट उरू नये. मी म्हणायचे, “सिस्टर, फरशीला श्वास घेऊ द्या. वर जाड काही टाकलं की खालची उष्णता कोंडते, वाढत जाते. थर्मोस्टॅटचा सेन्सर तिकडे पॅसेजमध्ये आहे. गोधडीखाली काय चाललंय हे त्याला कसं कळणार?”

“गोधडी पांघरायलाच असते. आणि नर्स मी आहे का तू?”

मी कपाळाला हात लावून खोलीत जायचे.

पुढे मला वेलिंग्टनमध्येच नोकरी लागली आणि मी एक स्टेशन अलीकडे स्वतःचा फ्लॅट घेतला, तरी शनिवार-रविवार सिस्टरकडेच जात होते. तेव्हा मीनलचे फोन वाढले होते. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. सिस्टर स्पीकर लावून बोलत, म्हणून अख्ख्या घराला ऐकू जायचं.

“मम, यू आर ऑल अलोन. कम अँड लिव्ह विथ अस.”

“एकटी कुठे आहे? ही इंजिनियर बसलीय समोर खात.”

“मम, आय मीन इट. ह्या विंटरमध्ये घरात काहीही झालं, एनीथिंग, तर मी येऊन तुला घेऊन जाणार.”

एवढं वाक्य मीनल मराठीत बोलली म्हणजे तिने ठरवलंच होतं. फोन ठेवल्यावर सिस्टरनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाल्या, “तिचं घर बघितलंयस? माझी खोली जिना चढून. खाली-वर सगळीकडे गालिचा. गालिच्यावर पंगत बसते का कधी? कोण येणार तिथे?” त्यांना अल्बनीची भीती नव्हती, दार न वाजण्याची भीती होती. मी उगाच म्हटलं, “मग घरात काही होऊ देऊ नका म्हणजे झालं.”

इथे गणपती थंडीतच येतात. त्या वर्षी सिस्टरना मोठं मखर हवं होतं, लाकडी खांबांचं. मी आधीच बजावलं होतं, “भिंतीला बांधा, छताला टांगा, काय वाट्टेल ते करा, पण जमिनीत काही ठोकू नका.” आणि मी ऑफिसच्या कामाने साउथ आयलंडला गेले. परत आले ती थेट आरतीला. दार उघडलं, सिस्टरनी वाकून माझी बोटं बघितली, “गार आहेत,” म्हणाल्या, पण “फरशीवर उभी राहा” म्हणाल्या नाहीत. आत सगळे जॅकेटं घालून टाळ्या वाजवत उभे. फरशी बर्फासारखी.

“काय झालं?”

“काय माहीत. आपोआप बंद पडली.”

मी स्विचबोर्ड उघडला. फरशीच्या सर्किटचा ब्रेकर खाली पडलेला. वर केला की तडक परत खाली. म्हणजे जमिनीखाली वायर दुखावली होती. आणि काँक्रीटखाली एका तुकड्यात असलेली वायर आपोआप दुखावत नाही.

“सिस्टर, कुठे खिळा-बिळा ठोकलात का?”

“मी कशाला ठोकू? देवासमोर खोटं बोलेन का मी?”

बोलल्या. देवासमोर, मोदकाचं ताट हातात घेऊन, सपशेल खोटं बोलल्या.

वर मलाच, “इंजिनियर ना तू? मग कर की दुरुस्त!” इथल्या कायद्याने दुसऱ्याच्या घरातल्या वायरिंगला हात लावायला परवाना असलेला इलेक्ट्रिशियन लागतो, माझी पदवी तिथे चालत नाही, हे मी सांगितलं तर म्हणाल्या, “मग कॉलेजात इतकी वर्षं केलंस काय?” माझ्या पदवीवर आलं की माझं रक्त तापतं. पण मीनल पुढच्याच आठवड्यात यायची होती. घर थंडगार सापडलं असतं तर तिने तिथेच बॅगा भरल्या असत्या. मी रागावले आणि इलेक्ट्रिशियन शोधला.

डेव्ह म्हणून एक उंच, दाढीवाला माणूस आला. दारात “किआ ओरा” असा माओरी नमस्कार करून त्याने शहाण्यासारखे बूट काढले, आणि सिस्टर लगेच वाकल्या. तो बिचारा घाबरून भिंतीला टेकला. मी सांगितलं, ती तुझं टेंपरेचर बघतेय. “स्वीट ॲज,” म्हणजे चालेल की, म्हणाला, आणि दुसरा पायही पुढे केला. त्याने यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, वायर तुटलीय, नेमकी कुठे ते कळायला वेळ लागेल, कदाचित बऱ्याच फरशा उचलाव्या लागतील. सिस्टर स्वयंपाकघरात चहाचं भांडं दोनदा धुवत होत्या.

माझं लक्ष गेलं ते तुळशीकडे. हिवाळ्यात त्यांची तुळस घरात, खिडकीपाशी असायची, उन्हाच्या तुकड्याबरोबर त्या ती सरकवायच्या. ती आता हॉलच्या मध्येच, अंधाऱ्या जागी, उगाच उभी होती. मी कुंडी उचलली. खाली फरशीच्या सांध्यालगत, पांढऱ्या सर्जिकल टेपच्या दोन पट्ट्या, एकावर एक आडव्या-उभ्या, कोपरे अगदी कापून गोल केलेले. टेप सोलली तर खाली ड्रिलचं भोक.

“सिस्टर!”

त्या दारात आल्या. थोडा वेळ भोकाकडे बघितलं. “मखर हलत होतं गं. आरती चालू असताना पोरं पळतात. गणपतीवर पडलं असतं म्हणजे?”

“आणि हे ड्रेसिंग?”

“उघडं कसं ठेवायचं!”

मला हसू येत होतं, पण मी ते दाखवलं नाही. डेव्हने एकच फरशी उचलली, खालचं सिमेंट जपून खणलं, तुटलेली टोकं जोडली, वरून पक्कं आवरण चढवलं आणि फरशी परत बसवली. म्हणाला, सिमेंट पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नका. जाताना सिस्टरनी त्याला लाडवांचा डबा दिला आणि मला म्हणाल्या, “बघ, किती शांत मुलगा. एकदाही ओरडला नाही.”

मीनल ज्या दिवशी येणार होती त्या दिवशी मी सकाळीच जाऊन फरशी चालू केली. ब्रेकर वरच राहिला. दुपारपर्यंत काँक्रीटने आपल्या चालीने ऊब धरली. मी अनवाणी सगळ्या हॉलभर फिरून बघितलं, दुरुस्त केलेल्या जागेवरही उभी राहिले. छान, एकसारखी. विमान उतरल्याचा मीनलचा मेसेज आला होता. मी आनंदाने हाक मारली, “सिस्टर, मोजे काढून या आणि बघा!”

त्या आल्या, खुर्चीत बसल्या, एकाच पायाचा मोजा काढून तेवढाच पाय फरशीवर टेकवला. थांबल्या. “नाही गं अजून. गारच आहे.”

मी त्यांच्या शेजारी, त्याच फरशीवर उभी होते.

“सिस्टर, गरम आहे.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. “हो, हो. आहे की. झाली गरम.”

ते “हो, हो” फार घाईने आलं. आणि मला एकदम सगळे हिवाळे आठवले. वर वर चढणारा आकडा, आम्ही उड्या मारत असताना संथ फिरणारी ही बाई, दाबून टाकलेली गोधडी, “राहू दे, राहू दे”. त्यांना साखरेचा आजार आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या चहात साखर कधी नसे. पण साखरेने पायांची जाणीव जाते, हे ज्या बाईने शेकडो लोकांना समजावून सांगितलं असेल, तिला कोण विचारणार?

“पाय दाखवा.”

“मोठ्यांचे पाय बघतात का असे?”

“मग नमस्कार करते.”

“राहू दे, तिथूनच—”

मी खाली बसले आणि त्यांच्या मोजा घातलेल्या पायाचा घोटा धरला. त्यांनी ओढून बघितलं, मग सोडून दिलं. मी मोजा काढला. टाचेवर पांढऱ्या टेपच्या दोन पट्ट्या होत्या, एकावर एक आडव्या-उभ्या, कोपरे कापून गोल केलेले. खाली भाजल्याचा, अजून न भरलेला फोड, आणि त्याच्या बाजूला जुन्या, बऱ्या झालेल्या दोन खुणा. गोधडीखाली फरशी त्यांना भाजत होती आणि त्यांना ते टाच बघितल्यावर कळत होतं.

“कधीपासून?”

“तू यायच्या आधीपासून.” मग एकदम सिस्टरचा आवाज लागला. “मी रोज बघते. ड्रेसिंग स्वच्छ आहे. मीनलला सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे, इंजिनियर.”

मला इतका राग आला की मी फाडकन बोलले. “माझे वडील बॉयलरवर होते, सिस्टर. ज्याला चटका कळत नाही त्याला तिथे उभं करत नाहीत. मग तो कितीही जुना असो.”

त्यांनी माझ्या हातातला मोजा ओढून घेतला. दार वाजलं.

मी मीनलला सांगितलं. शपथ मोडून, सिस्टरच्या समोर, त्यांच्या फरशीवर उभं राहून सांगितलं, आणि आजही तसंच सांगेन. मीनल इंग्लिशमध्ये रडली, सिस्टर मराठीत ओरडल्या. “एक फरशी काय दुरुस्त करून दिली, घरातून काढायला निघाली!” त्यांच्या बॅगा मीच भरल्या. इडलीच्या पिठाची पातेली ज्याची त्याला पोचवली. तुळस मी घेतली. निघताना मी वाकले तर त्या गाडीत आधीच बसल्या होत्या, काच वर करून.

बराच काळ त्यांनी माझा फोन उचलला नाही. मीनलकडून कळायचं, दर आठवड्याला पायांची तपासणी होते, टाच भरून आली, घरातल्या सगळ्यांवर ओरडणं चालू आहे. सिस्टर वारल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मात्र मीनलचाच निरोप आला की मम विचारतेय, इंजिनियर कुठे उलथलीय. मी अल्बनीला गेले. जिना, गालिचा, सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच. त्या खिडकीपाशी खुर्चीत होत्या, बारीक झालेल्या. वाकून माझे पाय बघणं त्यांना आता जमणार नव्हतं. मी शिव्यांची तयारी ठेवून समोर गालिच्यावर बसले.

त्यांनी मांडीवरची शाल बाजूला केली आणि दोन्ही पाय माझ्यापुढे ठेवले. अनवाणी.

“बघ गं, गार आहेत का? मला काही कळत नाही.”

मी हाताची मागची बाजू त्यांच्या बोटांना लावली.

“गार आहेत, सिस्टर.”

वाकलेच होते, म्हणून नमस्कारही करून घेतला. त्या “राहू दे” म्हणाल्या नाहीत.

“आता बघत काय बसलीस, इंजिनियर? मोजे घाल.”

मी मोजे घातले. त्यांनी वरून मान वाकवून नीट बघितलं. “उलटे घातलेस.”

उलटे नव्हते. पण मी ते काढले आणि परत घातले.